एका दिवसाचं फूल

मुंबईत ‘लिली’ म्हटलं की प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे वेगळं फूल उभं राहतं. दादरच्या फूलबाजारात पहाटे जाणाऱ्याला पांढऱ्या, लांबट कळ्यांच्या जुड्या आठवतात. त्या हारात नि वेणीत गुंफतात आणि संध्याकाळपर्यंत त्यांची कोळ्याच्या पायांसारखी फुलं होतात. चाळीच्या गॅलरीत डालड्याच्या डब्यात कांदे पुरणाऱ्याला पहिल्या पावसानंतर रातोरात वर येणारी गुलाबी फुलं आठवतात. लग्नाचा हॉल सजवणाऱ्याला खोक्यातून येणारी, मोठाल्या पाकळ्यांची, घमघमणारी महागडी फुलं आठवतात. आणि ज्याच्या दारात हातभर माती आहे, त्याला कदाचित आणखी एक लिली ठाऊक असते. गवतासारखी लांब पानं, मधून निघालेला उंच दांडा आणि त्यावर कर्ण्याच्या आकाराचं नारिंगी फूल. हे फूल सकाळी उमलतं आणि रात्र पडता पडता मिटतं, ते कायमचंच. इंग्रजीत तिला ‘डे-लिली’ म्हणतात. आपण तिला एकदिवशी लिली म्हणू.

आज मी या एकदिवशी लिलीविषयी बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, फुलाचा कसला इतिहास? पण या फुलाचा इतिहास आहे, आणि परदेशी बागांतून गलबतांवर चढून मुंबईत उतरलेल्या अशा अनेक झाडांच्या इतिहासाचा एक धागा आमच्या भोईवाड्याजवळून जातो.

आधी घराण्याचा घोळ मिटवू. वर ज्या चार लिली सांगितल्या, त्या एकमेकींच्या सख्ख्या बहिणी नव्हेत. लग्नाच्या हॉलमधली तेवढी खरी लिली. तिचा कांदा खवल्यांचा असतो. दादरच्या बाजारातली पांढरी जुडी आणि गॅलरीतली पावसाळी लिली या दोघी ज्या कुळातल्या, त्याच कुळात आपला कांदा आणि लसूणही येतात. निशिगंध शतावरीच्या कुळातला. सह्याद्रीत पावसाळ्यात ज्वाळेसारखी फुलणारी कळलावी आणखी वेगळ्या कुळातली. आणि आपली एकदिवशी लिली? तिला कांदाच नसतो. जमिनीखाली जाड, बोटांसारखी मुळं असतात. पूर्वीचे शास्त्रज्ञ तिला लिलीच्या कुळातच धरत. अलीकडे वनस्पतींच्या जनुकांचा अभ्यास झाल्यावर तिला तिथून उठवून ज्या कुळात बसवलं, त्यात आपली कोरफड आहे. नाव लिलीचं, नातं कोरफडीशी! माणसांच्या आडनावांचंही कधी कधी असंच होतं.

तिचं शास्त्रीय नाव हेमेरोकॅलिस. स्वीडनच्या लिनियसने १७५३ साली ते ग्रंथात नोंदवलं. ग्रीक भाषेत ‘हेमेरा’ म्हणजे दिवस आणि ‘कॅलोस’ म्हणजे सौंदर्य. एका दिवसाचं सौंदर्य. पण एवढ्यावरून ही लिली गरीब आहे असं समजू नका. एका दांड्यावर दहा-पंधरा कळ्या सहज येतात, आणि एका जोमदार गड्ड्यातून चार-पाच दांडे निघतात. त्या कळ्या एकदम उमलत नाहीत, पाळीपाळीने उमलतात. आजचं फूल मिटलं की उद्याचं तयार असतं. त्यामुळे झाड दोन-तीन आठवडे फुललेलं दिसतं, मात्र रोज बघतो ते फूल नवं असतं. गिरणीतल्या पाळीची आठवण यावी अशी ही व्यवस्था. एक पाळी सुटते, दुसरी आत शिरते आणि साचा चालू राहतो.

या झाडाचं माहेर पूर्व आशियात. चीन, जपान, कोरिया. चीनमध्ये तर त्याला दोन-अडीच हजार वर्षांचा मान आहे. तिथल्या सर्वांत जुन्या काव्यसंग्रहात या वनस्पतीचा उल्लेख येतो, तो दुःख विसरायला लावणारी वनस्पती म्हणून. पुढे ती आईचं फूल झाली. घराच्या ज्या दालनात आई राहते, त्याच्यापुढे हे झाड लावायचं, म्हणजे दूर गेलेल्या मुलाची काळजी तिला कमी जाळेल, अशी समजूत. चिनी भाषेत आईचा आदराने उल्लेख करायला या फुलाच्या नावावरून आलेला शब्द आहे. आणि चिनी माणूस व्यवहारीही. तो या फुलाच्या कळ्या सुकवतो आणि सूपात घालतो. त्या सुक्या कळ्यांना तिकडे ‘सोन्याच्या सुया’ म्हणतात. म्हणजे देवघर, माजघर आणि स्वयंपाकघर, तिन्ही ठिकाणी या फुलाला जागा. (इथे एक सूचना करून ठेवतो. लिली नावाचं सगळंच खाण्यासारखं नसतं. कळलावीचा कंद तर जीव घेतो. आणि घरात मांजर असेल तर एकदिवशी लिलीही तिच्या तोंडी लागू देऊ नका, मांजराची मूत्रपिंडं त्याने निकामी होतात.)

सोळाव्या शतकात हे फूल युरोपात पोचलेलं होतं. तिथल्या वनस्पतिग्रंथांत त्याची वर्णनं आहेत. आणि इथे या फुलाची सर्वांत विलक्षण गोष्ट सुरू होते. युरोपात जी नारिंगी एकदिवशी लिली सगळीकडे पसरली, ती वांझ आहे. सर्वसाधारण एकदिवशी लिलीच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, हिच्यात तीन. त्यामुळे तिला बी धरत नाही. न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात आर्लो स्टाउट नावाच्या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिच्यावर अनेक वर्षं काम केलं, तेव्हा हे नीट उलगडलं.

आता विचार करा. ज्या झाडाला बी नाही, ते वाऱ्याने जात नाही आणि पाखराच्या चोचीतून जात नाही. ते शेकडो वर्षं जगलं आणि खंडांमागून खंड ओलांडत गेलं, ते कसं? एकाच मार्गाने. कुणीतरी गड्डा खणला, तो फोडला, त्यातला एक तुकडा दुसऱ्याच्या हातावर ठेवला. दुसऱ्याने तो लावला, दोन-तीन वर्षांनी त्याचा गड्डा झाला, त्याने तो फोडून तिसऱ्याला दिला. त्या जातीचं कुठल्याही अंगणात दिसणारं रोप म्हणजे कुणी ना कुणी दिलेलं दान आहे. राजांचा इतिहास लढायांनी लिहिला जातो, या फुलाचा इतिहास शेजाऱ्यांनी लिहिला आहे.

मुंबईत परदेशी झाडं आली त्याची कथा मात्र जरा सरकारी आहे. आज परळ म्हटलं की गिरण्यांच्या चिमण्या, इस्पितळं आणि आता मनोरे डोळ्यांपुढे येतात. पण अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सुमारे शंभर वर्षं परळ हे गव्हर्नराच्या बंगल्याचं ठिकाण होतं. पोर्तुगीज काळातल्या ख्रिस्ती मठाच्या वास्तूचा तो बंगला झाला होता आणि त्याभोवती मोठी बाग होती. याच परिसरात भोईवाडा. भोई म्हणजे पालखी-मेणा खांद्यावर वाहणारे आणि गोड्या पाण्यात मासेमारी करणारे कष्टकरी. एकीकडे साहेबाची बाग आणि दुसरीकडे खांद्याला घट्टे पडलेल्यांची वस्ती, असा हा शेजार.

याच भागात, पलीकडे शिवडीला, १८३०च्या दशकात वनस्पती उद्यान उभं राहत होतं. पश्चिम हिंदुस्थानातल्या शेती व बागकामाला उत्तेजन देण्यासाठी साहेब लोकांनी आणि शहरातल्या काही धनिकांनी एक सोसायटी स्थापन केली होती, तिची ही बाग. त्या वेळी मुंबई इलाख्याच्या टपाल खात्यात जॉन ग्रॅहम नावाचा अधिकारी होता. दिवसा टपाल आणि उरलेल्या वेळी झाडं, असा त्याचा जीवनक्रम. मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची सविस्तर यादी त्याने तयार केली. रानातली झाडं आणि बागांत लावलेली परदेशी झाडं, दोन्ही तीत आहेत. पुस्तक छापून होत असतानाच, १८३९च्या मे महिन्यात, खंडाळ्याला त्याचा मृत्यू झाला. उरलेलं काम निम्मो नावाच्या त्याच्या मित्राने पुरं केलं आणि त्याच वर्षी ते प्रसिद्ध झालं. या शहराच्या झाडांचा पहिला मोठा दप्तरदार टपाल खात्यातला निघावा, हे मला फार योग्य वाटतं. रोपं आणि पत्रं, दोन्ही एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर जाणाऱ्या गोष्टी. आपल्या भाषेत तर ‘खत’ हा शब्द दोन्हीकडे चालतो. फारशीतून आला तो चिठ्ठीचा, आणि मातीत घालतो तो शेणाचा!

त्या काळी रोपांचा समुद्रप्रवास सोपा नव्हता. डेकवर ठेवली तर खाऱ्या वाऱ्याने जळत, खाली ठेवली तर उजेडावाचून मरत, आणि गोड्या पाण्याचा थेंबही खलाशांना मोजून मिळे, तिथे झाडांना कोण घालणार? १८३०च्या सुमारास लंडनच्या वॉर्ड नावाच्या डॉक्टरला एक साधी गोष्ट दिसली. बंद काचेच्या बरणीत रोप आपलंच पाणी पुन्हापुन्हा वापरून जगतं. त्यातून काचेची बंद पेटी तयार झाली आणि जगभर झाडांची ये-जा सुरू झाली. रॉबर्ट फॉर्च्यूनने १८४८ नंतर चीनमधून चहाची हजारो रोपं हिंदुस्थानात आणली, ती अशाच पेट्यांतून. मुंबईचा तर चीनशी थेट व्यापार. इथून कापूस आणि अफू कँटनला जाई, तिकडून चहा, रेशीम आणि चिनीमातीची भांडी येत. परदेशी झाडं या शहरात उतरली ती अशा गलबतांच्या काळात.

शिवडीच्या बागेचं नशीब मात्र वेगळं होतं. युरोपियनांना दफनभूमीसाठी जागा हवी होती. १८६०च्या दशकात ती बाग कबरस्तानाला गेली आणि सोसायटीची झाडं भायखळ्याला हलली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी तिथली नवी बाग खुली झाली, व्हिक्टोरिया गार्डन. लोकांनी तिला राणीची बाग केलं आणि आता ती वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. तिथल्या प्राण्यांना पाहायला मुलं जातात, पण प्राणी आले ते १८९० नंतर. मुळात ती झाडांची बाग. २००७च्या सुमारास तिथे मोठ्या फेरबदलाची योजना पुढे आली, तेव्हा जुनी झाडं वाचावीत म्हणून नागरिकांनी कित्येक वर्षं नेटाने चळवळ चालवली. २०१२ साली बागेने दीडशे वर्षं पूर्ण केली. कुणाच्याही मालकीची नसलेली बाग टिकते, ती तिला आपली म्हणणारी माणसं असतात म्हणून.

शिवडीचं ते कबरस्तान आजही आहे. बागेची जागा कबरींना गेली याचं वाईट वाटायचं कारण नाही. आमच्याकडे कबरीवर सब्जा लावतात. माणूस मातीत गेला की त्याच्यावर हिरवं काहीतरी असावं, ही इच्छा सगळ्या धर्मांत सारखीच दिसते.

गव्हर्नराच्या बंगल्याची कथाही अशीच. १८८२ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीचा त्या बंगल्यात पटकीने मृत्यू झाला. त्यानंतर गव्हर्नरांचा मुक्काम मलबार हिलला हलला. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन यांनी प्रतिबंधक लस तयार केली आणि जानेवारी १८९७मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या त्या रिकाम्या बंगल्यात आली. आज आपण तिला हाफकिन संस्था म्हणतो. राजवाड्याची प्रयोगशाळा झाली, हा बदल भोईवाड्यासारख्या वस्त्यांना मानवला असंच म्हणायला हवं. बाग एकट्या साहेबाची होती, लस सगळ्यांना मिळाली.

प्लेगनंतर शहराची फेररचना सुरू झाली. गिरण्या तर आधीच उभ्या राहिल्या होत्या. कामगारांना घरं हवी होती. १९२०च्या दशकात नायगाव, वरळी, डिलाइल रोड आणि शिवडी इथे सरकारने २०७ बीडीडी चाळी बांधल्या. नायगावच्या ४२ चाळी भोईवाड्याला लागूनच. मधोमध बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, एकेक खोली १६० चौरस फुटांची. एवढ्या जागेत सात-आठ माणसं, वर गावाहून आलेला पाहुणा. यात बाग कुठे बसवायची?

आणि तरीही बाग बसली! याची नोंद कुठल्याही सोसायटीच्या अहवालात सापडणार नाही. खिडकीच्या गजांना तारेने बांधलेला डबा. बाहेरच्या चाळींत गॅलरीच्या कठड्यावर रांगेने ठेवलेले फुटके माठ. तळमजल्यावर मोरीच्या पाण्यावर पोसलेली कर्दळ. तुळस, सदाफुली, गुलबक्षी, मोगरा, बारा वाजता उमलणारा चिनी गुलाब. कोकणातून येताना टोपलीत घालून आणलेली जास्वंदीची फांदी. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि त्यातले बहुतेक पुन्हा साच्यावर गेलेच नाहीत. त्या दिवसांत अनेकांनी गाव गाठलं. जाताना माणूस भांडीकुंडी नेतो, डब्यातली झाडं शेजाऱ्याला देऊन जातो. गिरणगावातली कितीतरी झाडं अशी एका दारातून दुसऱ्या दारात गेली आहेत. कुणाची मूळची कोणती, हे सांगायला आता कुणी नाही.

मूळचं कोण, या प्रश्नाचं मला कवी म्हणून फार कुतूहल आहे. दसऱ्याला झेंडू लागतो. झेंडूचं माहेर मेक्सिको. निशिगंधही तिकडचाच. त्याचं दुसरं नाव गुलछडी, त्यातला ‘गुल’ फारशी. गुलबक्षी दक्षिण अमेरिकेची. दादरच्या बाजारात जुडीने विकली जाणारी, देवाच्या हारात बसणारी पांढरी लिली अमेरिका खंडातली. ‘गुलाब’ हा शब्द इराणचा, ‘बाग’ हा शब्द इराणचा, ‘फवारा’ अरबस्तानचा. आंब्याचं ‘कलम’ करतो त्यातलं कलमही अरबीच. ज्या शब्दाने लेखणी ओळखली जाते, त्याच शब्दाने एका झाडाचं दुसऱ्या झाडावर जगणंही ओळखलं जातं. आणि या कलमांतला राजा हापूस, त्याचं नाव एका पोर्तुगीज सरदाराचं. हे सगळं बाजूला काढायचं ठरवलं, तर मराठी माणसाच्या अंगणात आणि मराठी भाषेत किती उरेल? सुदैवाने फुलाला कुणी दाखला मागत नाही. ते रुजलं, इथल्या पावसात वाढलं, इथल्या हारात बसलं, की ते इथलं.

उर्दू-फारशी कवितेत लिलीला सोसन म्हणतात. सोसनच्या पाकळ्या म्हणजे तिच्या दहा जिभा, आणि एवढ्या जिभा असून ती गप्प, असा तिथला जुना संकेत आहे. हाच शब्द हिब्रूत शोशान होतो आणि इंग्रजीत जाऊन मुलींचं ‘सुसान’ हे नाव होतं. भाषाशास्त्रज्ञ त्याचं मूळ प्राचीन इजिप्तच्या एका शब्दापर्यंत नेतात, आणि तिथे त्याचा अर्थ आहे कमळ! आता सांगा, लिली परकी कशी म्हणायची? बादशहा जहांगीर १६२० साली काश्मीरला गेला, तेव्हा उस्ताद मन्सूर या चित्रकाराने तिथल्या शंभराहून अधिक फुलांची चित्रं काढली, असं बादशहाने आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. फुलांची नोंद ठेवण्याची हौस बादशहालाही असते आणि टपाल खात्यातल्या साहेबालाही.

एकदिवशी लिलीच्या जाती वाढल्या त्या गेल्या सव्वाशे वर्षांत, आणि त्या वाढवण्यात हौशी माणसांचा वाटा मोठा. इंग्लंडमध्ये जॉर्ज येल्ड या शाळामास्तरांनी १८९०च्या दशकात जर्दाळूच्या रंगाची जात तयार केली, ती पहिल्या संकरित जातींपैकी एक. स्टाउट यांचं पुस्तक १९३४ साली आलं. १९४६ साली अमेरिकेत या फुलाच्या प्रेमिकांनी आपली संस्था काढली. आज नोंदलेल्या जाती ८० हजारांहून अधिक आहेत. पिवळ्या, नारिंगी, लाल, जांभळ्या, गुलाबी, दुहेरी पाकळ्यांच्या, झालर लावलेल्या, गळ्याशी वेगळ्या रंगाचं कडं असलेल्या. फक्त निखळ निळा आणि अगदी शुभ्र पांढरा हे दोन रंग अजून कुणाच्या हाती लागलेले नाहीत.

या पसाऱ्यात आपल्या सह्याद्रीतल्या कळलावीचं एक नातं दडलेलं आहे. कळलावीच्या कंदात कोल्चिसिन नावाचं जालीम द्रव्य असतं. प्रसूतीच्या कळा आणण्यासाठी पूर्वी सुइणी त्या कंदाचा उपयोग करत, म्हणून तिचं हे नाव. संधिवाताच्या एका प्रकारावर डॉक्टर तेच द्रव्य अगदी मोजून देतात. याच कोल्चिसिनने वनस्पतीच्या गुणसूत्रांचे संच दुप्पट करता येतात, हे लक्षात आल्यावर १९४०च्या दशकापासून एकदिवशी लिलीवर त्याचे प्रयोग झाले. जाड पाकळ्यांच्या, गडद रंगांच्या, मोठ्या फुलांच्या आजच्या कितीतरी जाती त्यातून आल्या. घराघरांत भांडणं लावते म्हणून जिला आपण बदनाम केलं, तिच्या अंगातल्या विषाने दुसऱ्या फुलाचं रूप खुलवलं.

आता जरा भोईवाड्याच्या कुंड्यांकडे येतो. आमच्या दारात सकाळचं पाच-सहा तास ऊन येतं. एकदिवशी लिलीला तेवढं पुरतं. जुनी नारिंगी आहे, तिला मी ‘आजी’ म्हणतो. ‘स्टेला द ओरो’ नावाची ठेंगणी पिवळी आहे. १९७५ साली नोंदलेली ही जात जगात सर्वांत लोकप्रिय असेल, कारण ती एकदा फुलून थांबत नाही, पुन्हा पुन्हा फुलते. ‘हायपेरियन’ ही १९२०च्या दशकातली लिंबू रंगाची जात, तिला मंद सुगंध आहे. एक गडद तांबडी आहे. तिला दुपारचं ऊन सोसत नाही, पाकळ्या विरघळल्यासारख्या होतात, म्हणून ती भिंतीच्या आडोशाला. पावसाच्या तोंडावर सगळ्यांना फुलं येतात. सकाळी चहाचा कप घेऊन दाराशी यावं आणि आज कुणाकुणाची पाळी आहे ते पाहावं, कालची मिटलेली फुलं अलगद खुडावीत, उद्याच्या कळ्या मोजाव्यात. या मोजण्यात जो आनंद आहे, तो हिशेबाच्या वहीत कधी मिळाला नाही.

कुणाला लावायची असेल तर दोन शब्द सांगतो. या फुलाच्या काही जातींना हिवाळ्यात कडाक्याची थंडी आणि झोप लागते. त्या मुंबईत मान टाकतात. बारमाही हिरव्या राहणाऱ्या जाती मागा. कालिम्पाँगच्या रोपवाटिका असले कंद-गड्डे पाठवण्यासाठी प्रसिद्ध आहेत, पुण्याच्या रोपवाटिकांतही चौकशी करावी. कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे, वर पोयटा आणि कुजलेलं शेणखत. गड्ड्याचा माथा मातीत फार खोल पुरू नये. मुंबईच्या पावसात हिला मारणारी गोष्ट एकच, साचलेलं पाणी. पानांवर मावा आला तर पाण्याच्या फवाऱ्याने धुवावा. तांबूस भुकटीसारखा तांबेरा दिसला तर ती पानं कापून दूर टाकावीत.

आणि कुणाला आणखी हौस असेल तर संकर करून पाहावा. या फुलाचे अवयव मोठे, ठळक. सकाळी एका फुलाचा पुंकेसर खुडायचा आणि दुसऱ्या फुलाच्या पुढे आलेल्या स्त्रीकेसरावर टेकवायचा, बस. बी धरलं तर काळे चकचकीत दाणे मिळतात. ते पेरल्यावर फूल यायला दोन-तीन वर्षं लागतात. पण जे फूल येईल, ते जगात आधी कुणीही पाहिलेलं नसेल. एवढं भाग्य दहा इंचांच्या कुंडीत मिळतं.

सध्या आमच्या आजूबाजूला सगळीकडे पुनर्विकासाची पत्र्याची कुंपणं आहेत. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचा नारळ २०१७ साली फुटला. वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० फुटांतून ५०० फुटांत जाणाऱ्या माणसाला चाळीच्या आठवणींनी गहिवरण्याचा उपदेश कुणी करू नये. घरातल्या घरात संडास, मुलांना अभ्यासाला वेगळी खोली, म्हाताऱ्यांना लिफ्ट, हे त्यांच्या हक्काचं आहे आणि फार उशिरा मिळालं आहे. माझी काळजी निराळी आहे. चाळीत दार उघडं असे आणि रोप मागायला हाक पुरे होई. विसाव्या मजल्यावर दार बंद असतं. ज्या झाडाला बी नाही, जे केवळ एका हातातून दुसऱ्या हातात जाऊन इतकी शतकं जगलं, त्याला बंद दारांच्या इमारतीत पुढचा हात कुठून मिळणार?

उत्तर फार अवघड नाही. दर तीन वर्षांनी गड्डा दाटतो आणि फुलं कमी होतात. त्या वेळी तो फोडावाच लागतो. न फोडता सगळं आपल्याच कुंडीत ठेवणाऱ्याचं झाड आतल्या आत गुदमरतं. तेव्हा पावसाळा सरला की गड्डा उपटा, मुळं धुवा, सुरीने तीन-चार भाग करा आणि पानं वीतभर ठेवून कापा. एक भाग आपल्याला ठेवा. बाकीचे ओल्या फडक्यात गुंडाळा आणि शेजारच्या दाराची बेल वाजवा. आत कोण राहतं, त्याचं नाव काय, तो मूळचा कुठला, हे नंतर कळेल. आधी रोप द्या.

(नभोवाणी भाषणाचे संपादित रूप)